पथ्य : जुनें आणि नवें

नागपूर शहराच्या दक्षिणेस, वर्धा रस्त्याच्या बाजूला, खापरी, दहेगांव, तेल्हारा, कलकुही, शिवणगांव अशा खेड्यांच्या शिवारांवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवी वसाहत उभी राहिली आहे. तिला 'मिहान' म्हणतात. हा शब्द जुन्या कोशांत सांपडावयाचा नाहीं. विमानतळ व मालवाहतूक यांसंबंधींच्या एका लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांनीं तो बनला आहे. इ. स. २००२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीनें ही योजना हातीं घेतली. माल उतरविणें व चढविणें हा तिचा मूळ हेतु. पण आज या वसाहतींत तीन गोष्टी एकमेकींच्या शेजारीं आल्या आहेत, आणि त्या शेजारामुळेंच आम्हांस प्रस्तुत विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले. पहिली गोष्ट, क्षयाच्या औषधांसाठीं प्रसिद्ध असलेल्या लुपिन कंपनीचा औषधांचा कारखाना. दुसरी, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचें रुग्णालय, ज्याचें उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजीं झालें. आणि तिसरी, ९ मार्च २०२५ रोजीं सुरू झालेला पतंजलीचा अन्न व वनौषधी यांचा कारखाना, ज्यांत विदर्भाच्या संत्र्यांचा रस काढतात. गोळी, वैद्य, वनस्पति आणि फळ हीं सारीं एका माळरानावर आलीं. आमच्या घरांतील फडताळावर तर तीं केव्हांपासूनच एकत्र नांदत आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्यांच्या पट्ट्या, गुळवेलीच्या चूर्णाची बाटली आणि शेजारीं संत्र्यांची टोपली, असें चित्र विदर्भांतील कोणत्या घरीं दिसणार नाहीं?

औषध घेतल्यावर मळमळ सुटली, तोंडाची चव गेली, पोट बिघडलें किंवा अंगावर पुरळ उठलें, म्हणजे या घरांत दोन वाक्यें हमखास ऐकूं येतात. "औषध गरम पडलें" हें एक. आणि "पथ्य नीट झालें नाहीं" हें दुसरें. कांहीं सुशिक्षित मंडळी दोन्ही वाक्यांस हंसून सोडून देतात. दुसरी मंडळी औषध बंद करून काढा सुरू करितात. आमच्या मतें उतावीळपणा दोहोंकडे सारखाच आहे. पथ्याचा इतिहास पाहिला तर तो अवलोकनाचा आणि घोकंपट्टीचा असा मिश्र इतिहास आहे. ज्या ज्या वेळीं पथ्य सांगणारानें कोणतें औषध, कोणतें अन्न, किती आणि केव्हां या चार प्रश्नांचीं उत्तरें दिलीं, त्या त्या वेळीं पथ्य खरें ठरलें. हे प्रश्न गळून नुसती यादी उरली, कीं तें निरुपयोगी आणि प्रसंगीं घातकही झालें. हें विधान क्रमानें स्पष्ट करण्याचा आमचा विचार आहे.

औषधापासूनच अपाय होतो ही जाणीव अलीकडची आहे, असा एक समज आढळतो. तो निराधार आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानांत वमन व विरेचन यांच्या दहा व्यापदा वर्णिल्या आहेत; सुश्रुतानें चिकित्सास्थानाच्या ३४ व्या अध्यायांत पंधरा सांगितल्या आहेत. व्यापद् म्हणजे औषध दिल्यानंतर त्याच्याच योगानें उद्भवणारें संकट. या संकटास कधीं वैद्य कारण होतो, कधीं रोगी, हेंही सुश्रुतानें आडपडदा न ठेवतां सांगितलें आहे. ज्या शास्त्रानें आपल्याच औषधांच्या दोषांची गणना करून ठेविली, त्याच्या नांवावर "वनस्पतीच्या औषधानें अपाय होतच नाहीं" असें आज कोणी सांगूं लागला, तर तो त्या शास्त्राचा अभिमानी खरा, पण वाचक नव्हे.

याच परंपरेंत शोधनानंतरच्या आहाराचा एक क्रम आहे. त्यास संसर्जनक्रम म्हणतात. तीव्र औषधानें जठराग्नि मंद होतो, म्हणून रोग्यास लगेच नेहमींचें जेवण न देतां प्रथम पेया, म्हणजे पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे घट्ट पेज. मग मीठ व तूप न घालतां केलेलें कढण. मग तें घालून केलेलें कढण. आणि मांसाहारी असल्यास मांसरस, अशा पायऱ्यांनीं वर चढवावें. शुद्धि उत्तम झाली असेल तर प्रत्येक पायरी तीन जेवणांची, मध्यम असेल तर दोन जेवणांची आणि अल्प असेल तर एकाच जेवणाची. मोठ्या शुद्धीनंतरचा सबंध क्रम सुमारें सात दिवसांत पुरा होतो. येथें चारही प्रश्नांचीं उत्तरें आहेत, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. कोणत्या औषधानंतर हें सांगितलें आहे. काय खावें, किती वेळां खावें व केव्हां बदलावें हेंही सांगितलें आहे. आजारांतून उठलेल्या माणसापुढें मुगाचें कढण आणि मऊ भात ठेवणाऱ्या आमच्या आज्यांनीं हा अध्याय वाचलेला नव्हता; पण त्यांच्या हाताला तो क्रम ठाऊक होता.

पेजेची योग्यता आधुनिक वैद्यकास पटावयास एक मोठें संकट यावें लागलें. इ. स. १९७१ सालीं, बांगला देशच्या युद्धाच्या वेळीं, बंगालमधील बनगांवच्या निर्वासित छावणींत पटकी उसळली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, ग्लुकोज व सोडा यांचें पाणी रोग्यांच्या नातलगांकरवीं तोंडावाटे पाजविलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० च्या आसपास होतें, तें ४ च्या खालीं आलें. पुढें ग्लुकोजच्या जागीं तांदळाचें पीठ शिजवून पाहिलें, आणि पटकीच्या रोग्यांस तेंही गुणकारी ठरलें. साखरेच्या किंवा पिष्टाच्या सोबतीनें मीठ व पाणी आंतड्यांत अधिक शोषलें जातें, हें त्याचें कारण. म्हणून औषधानें जुलाब लागले असतां मिठाची पातळ पेज देणें हा खुळा समज नाहीं. त्यांत तथ्य आहे. प्राचीनांस आंतड्यांतील ही घडामोड ठाऊक होती, असा मात्र याचा अर्थ नव्हे. त्यांनीं रोग्याकडे डोळे उघडे ठेवून पाहिलें, इतकेंच. आणि तेंही थोडें नव्हे.

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. रसशास्त्राचा उदय झाल्यावर पारा व गंधक यांचे कल्प प्रचारांत आले आणि पथ्य अधिक कडक झालें. पर्पटीकल्पांत रोग्यास मीठ व पाणी वर्ज्य करून केवळ दुधावर किंवा ताकावर ठेवीत. याच काळांत 'ककाराष्टक' नांवाची एक यादी रूढ झाली. पाऱ्याचें औषध चालू असतां कोहळा, काकडी, कलिंगड, कारलें, करडईची भाजी, कर्टोलें, केळें आणि कामोणी हे आठ पदार्थ खाऊं नयेत, असा तिचा आशय आहे. ग्रंथागणिक एखादें नांव बदलतें. या आठांत समान काय? तर संस्कृतांत त्यांचीं नांवें 'क' या अक्षरानें सुरू होतात. पाठांतरास हें फार सोयीचें; पण निसर्गांतील पदार्थ वर्णमाला पाहून पाऱ्याशीं वैर धरीत नाहींत. एखाद्या पदार्थाबद्दल प्रथम कोणा वैद्यास खरा अनुभव आलाही असेल. परंतु यादी बनतांना अनुभव मागें पडला आणि अक्षर पुढें आलें. दरम्यान पाऱ्याचे खरे उपद्रव, म्हणजे तोंड येणें, लाळ गळणें, दांत हलणें व मूत्रपिंडें बिघडणें, हे कोहळा टाळून टळण्यासारखे नव्हतेच. युरोपांतील वैद्यांची बुद्धि तरी या बाबतींत फार निराळी चालत होती असें नाहीं. लाळ गळूं लागली म्हणजे पारा लागू पडला, असें ते शेंकडों वर्षें समजत होते.

पाऱ्यानंतर आमच्या घरांत आलेलें दुसरें जबरदस्त औषध क्विनीन होय. इ. स. १८२० सालीं पॅरिसमध्यें पेल्तिए व काव्हाँतू यांनीं तें सिंकोनाच्या सालींतून वेगळें केलें; पुढें निलगिरीवर सिंकोनाची लागवड झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टपालकचेऱ्यांतून क्विनीनच्या पुड्या विकावयास सुरुवात झाली. क्विनीननें कान वाजतात, डोकें गरगरतें, मळमळतें. लोकांनीं त्यास 'उष्ण' ठरविलें आणि त्यावर दूध, तूप व खडीसाखर यांचा उतारा काढला. या समजुतीचा कांहीं भाग खरा व कांहीं भाग खोटा आहे. पोटांत अन्न असतांना क्विनीन घेतलें तर मळमळ कमी होते, हें खरें. कान वाजणें मात्र दुधानें थांबत नाहीं. कारण तें पोटांतील उष्णतेचें लक्षण नसून रक्तांतील क्विनीनच्या प्रमाणाचें आहे.

आणि दुधाची गोष्ट निघालीच आहे, तर तिचा पुढील इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९४८ सालीं अमेरिकेंतील लेडर्ले कंपनीनें ऑरिओमायसिन हें प्रतिजैविक प्रचारांत आणलें. त्या कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रांतून गेलेले शास्त्रज्ञ होते. या औषधानें पुष्कळांस मळमळ होई. म्हणून डॉक्टर त्याजबरोबर पोट शांत करणारें अल्युमिनियमयुक्त पातळ औषध देऊं लागले. मळमळ कमी झाली, पण १९५० च्या सुमारास असें दिसून आलें कीं, रक्तांतील औषधही कमी झालें आहे. या वर्गांतील औषधें अल्युमिनियम, लोह व चुना यांच्याशीं जखडून बसतात आणि आंतड्यांतून शोषलीं जात नाहींत. दुधांत चुना विपुल असतो, तेव्हां दूधही तेंच करितें. उपद्रवावर उतारा म्हणून दिलेली वस्तु औषधालाच गिळून बसली. रोग्यास बरें वाटलें, आणि रोग मात्र राहिला. आज सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या गोळ्यांबाबतही हीच सूचना देतात. दूध वा दहीं आणि गोळी यांत कांहीं तासांचें अंतर ठेवावें लागतें.

परंतु एवढ्यावरून दूध अपथ्य ठरवूं जाल तर पुन्हां ककाराष्टकच होईल. हिंवतापावर आज वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकीं ल्युमेफँट्रिन हें रिकाम्या पोटीं फारच थोडें शोषलें जातें. तें स्निग्ध अन्नाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यावें, असेंच सांगतात. तेव्हां एका औषधाशीं दूध उदासीन, दुसऱ्याशीं वैरी आणि तिसऱ्याचें मित्र आहे. दूध पथ्य कीं अपथ्य, हा प्रश्नच अपुरा आहे. कशाबरोबर, असें विचारल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

सोळाव्या-सतराव्या शतकांतील लोलिंबराजाच्या 'वैद्यजीवन' या ग्रंथांत पथ्याचें माहात्म्य असें सांगितलें आहे कीं, पथ्य पाळणारास औषध कशाला, आणि न पाळणारास तरी औषध काय कामाचें? कवीची ही अतिशयोक्ति गोड आहे. पण क्षयरोगाच्या बाबतींत तिची कसोटीच लागली. १९५६ सालीं मद्रास येथें क्षयाच्या १९३ गरीब रोग्यांवर एक अभ्यास सुरू झाला. कांहींना आरोग्यधामांत ठेविलें. तेथें विश्रांति होती व सकस अन्न होतें. कांहींना त्यांच्याच दाटीच्या घरांत, अपुऱ्या जेवणावर, परंतु तींच औषधें देऊन ठेविलें. वर्षअखेर दोन्ही गटांतील गुण जवळजवळ सारखा आला. १९५९ सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि क्षयाच्या उपचाराची जगभर दिशाच पालटली. औषध नियमानें पोटांत गेलें तर पथ्याची उणीव रोग्यास मारीत नाहीं. औषध सुटलें तर दूध-अंडीं त्यास तारीत नाहींत, असा त्याचा अर्थ झाला.

पण याही गोष्टीस दुसरी बाजू आहे. झारखंडांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. क्षयरोग्यांच्या घरांतील इतर माणसांस पुरेसें धान्य, डाळ इत्यादि शिधा दिला असतां त्यांस क्षय होण्याचें प्रमाण शेंकडा ३९ नें घटलें. म्हणजे औषध रोग मारतें, अन्न रोगास वाट देत नाहीं. दोघांचीं कामें निरनिराळीं आहेत. सरकारनें २०१८ पासून क्षयरोग्यांस आहारासाठीं दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला व १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० केली, ती यासाठींच योग्य होय. ती औषधाच्या जागीं नाहीं, औषधाच्या सोबतीस आहे.

क्षयाचीं औषधें महिनोन्महिने घ्यावीं लागतात, आणि उपद्रवांस भिऊन तीं सोडणारे रोगी कमी नाहींत. म्हणून त्यांच्या पथ्याविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. आयसोनियाझिड या औषधानें कित्येकांच्या हातापायांस मुंग्या येतात व जळजळ होते. शरीरांतील 'ब-६' जीवनसत्त्वाच्या कार्यांत हें औषध अडथळा आणतें, हें १९५४ सालीं दाखविलें गेलें, आणि त्या जीवनसत्त्वाची लहानशी गोळी दिली म्हणजे हा उपद्रव बहुधा टळतो असें ठरलें. पुढें श्रीलंकेंतील डॉ. उरागोडा यांनीं एक विलक्षण गोष्ट नजरेस आणिली. हें औषध घेणाऱ्या कांहीं रोग्यांस विशिष्ट मासे खाल्ल्यावर चेहरा लाल होणें, डोकें ठणकणें, छाती धडधडणें असे त्रास होत. नीट थंड न ठेविलेल्या बांगड्यासारख्या माशांत हिस्टॅमिन सांचतें. शरीर त्याचा जो निचरा करितें, तो या औषधानें मंदावतो. 'क्षयांत मासे वर्ज्य' असा सरसकट नियम यावरून निघत नाहीं. ताजा मासा क्षयरोग्यास पोषकच आहे. शिळा मासा आणि हें औषध यांची गांठ पडूं देऊं नये, एवढाच नियम निघतो. तिसरें उदाहरण रिफँपिसिनचें. त्यानें लघवी, घाम व अश्रू नारिंगी-तांबडे होतात. रक्त पडत आहे असें वाटून, किंवा 'उष्णता बाहेर पडत आहे' असें समजून, रोगी घाबरतो आणि गोळी थांबवितो. वस्तुतः तो औषधाचाच रंग आहे. त्यास कोणताही उतारा नको. कोणत्या उपद्रवास उपाय हवा आणि कोणत्यास नुसता धीर हवा, हें जाणणें हाही पथ्याचाच भाग होय.

आतां आमच्या विदर्भाच्या संत्र्याकडे वळूं. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेहून संत्र्याचीं झाडें नागपुरांत आणविलीं असें सांगतात. २०१४ सालीं नागपुरी संत्र्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. आजाऱ्यास भेटावयास जातांना संत्रीं न्यावयाचीं, ही येथील रीत आहे. परंतु अलीकडे "गोळ्या चालू असतां संत्रें खाऊं नये" असें कांहीं जण ऐकीव माहितीवर सांगूं लागले आहेत. या समजाचें मूळ दूर कॅनडांत आहे. तेथें डेव्हिड बेली व त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो हें पाहत होते. मद्याची चव लपविण्यासाठीं त्यांनीं ग्रेपफ्रूट या फळाचा रस वापरला, आणि रक्तांतील औषधाचें प्रमाण अपेक्षेहून फार वाढलेलें दिसलें. १९८९ सालीं हें प्रसिद्ध झालें. या फळांतील फ्युरॅनोकुमॅरिन नांवाचीं द्रव्यें आंतड्यांतील एका पाचकद्रव्यास निकामी करितात. तें द्रव्य जें औषध एरवीं मोडून टाकतें, तें मग अधिक प्रमाणांत रक्तांत शिरतें. निकामी झालेलें पाचकद्रव्य नव्यानें बनावयास एक दिवसाहून अधिक काळ लागूं शकतो, म्हणून चार तासांचें अंतर ठेवूनही येथें भागत नाहीं. रक्तदाबाचीं व कोलेस्टेरॉलचीं कांहीं औषधें या प्रकारांत येतात.

आमच्याकडील पपनस हें याच प्रकारचें फळ असून त्याबद्दलही हीच सावधगिरी ठेवावी. नागपुरी संत्र्यांत मात्र हीं द्रव्यें असलींच तर नगण्य असतात. त्यास या आरोपांतून मुक्त केलें पाहिजे. तरी संत्रें सर्वथा निर्दोष ठरवूं नये. शिंका व अंगावरची खाज यांसाठीं दिल्या जाणाऱ्या फेक्सोफेनाडिन या औषधाचें शोषण संत्र्याच्या रसानें घटतें, असें २००२ सालीं दिसून आलें. तें औषध पाण्याबरोबरच घ्यावें. उलट, लोहाच्या गोळीबरोबर संत्रें किंवा लिंबाचें सरबत घेतलें तर लोह अधिक शोषलें जातें, आणि त्याच गोळीवर चहा घेतला तर कमी. बाळंतिणीस लोहाच्या गोळ्यांनीं शौच काळें होतें व पोट अवघडतें, म्हणून त्या सोडून देण्याचा प्रकार घरोघर आहे. काळा रंग निरुपद्रवी आहे. पोट अवघडलें तर जेवणानंतर गोळी, भरपूर पाणी, आणि चहास कांहीं वेळ रजा, एवढें बहुधा पुरतें. एकच संत्रें एका औषधास अडवितें, दुसऱ्यास हात देतें आणि पुष्कळांच्या वाटेसही जात नाहीं.

प्रमाणाच्या प्रश्नास वॉरफॅरिन हें उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेंत सडलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरें रक्तस्रावानें मरत. त्या शोधांतून हें द्रव्य निघालें. १९४८ सालीं तें उंदरांचें विष म्हणून आलें आणि १९५४ पासून रक्त गोठूं नये म्हणून माणसांस देऊं लागले. पालक, मेथी यांसारख्या हिरव्या पालेभाज्यांतील 'के' जीवनसत्त्व त्याच्या विरुद्ध काम करितें. म्हणून अनेक घरांत रोग्याची पालेभाजी अजिबात बंद करितात, आणि सणावारीं एकदां पोटभर देतात. हें दोन्ही चुकीचें आहे. रोज सारखी, बेताची भाजी चालूं ठेवावी म्हणजे डॉक्टरास औषधाची मात्रा जुळवितां येते. येथें पथ्य म्हणजे वर्ज्य करणें नव्हे, सारखेपणा राखणें होय.

राहतां राहिल्या वनौषधी. २०२० व २०२१ या कोविडच्या सालांत गुळवेलीचा काढा घरोघर उकळत होता. २०२१ सालीं मुंबईच्या डॉक्टरांनीं गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि २०२२ सालीं देशांतील १३ केंद्रांतून अशा ४३ रोग्यांची. आयुष मंत्रालयानें यास आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी असें सुचविलें. वाद कसाही सुटो, गृहस्थानें घ्यावयाचा बोध एकच आहे. बाजारांतील पुडींत कोणती वेल आहे हें त्यास ठाऊक नसतें. आणि क्षयाच्या औषधांनीं आधींच ज्याच्या यकृतावर ताण आहे, त्यास 'नैसर्गिक आहे, बाधायचें नाहीं' म्हणून काढा पाजणें हें साहस आहे. क्विनीन सालींतून आलें, वॉरफॅरिन चाऱ्यांतून आलें. निसर्गांत सामर्थ्य आहे हें मान्य केलें, म्हणजे त्यांत अपायही आहे हें मान्य करणें ओघानेंच आलें.

यावर कोणी विचारील, मग घरगुती उपायांत घेण्यासारखें कांहींच नाहीं काय? पुष्कळ आहे. मिठाच्या पेजेविषयीं वर लिहिलेंच आहे. प्रतिजैविकांनीं आंतड्यांतील उपकारक जंतूही मरतात व जुलाब लागतात. निवडक उपकारक जंतु दिले असतां हे जुलाब कमी होतात, असें अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून २०१२ सालीं दाखविलें गेलें. ताकाचें विरजण प्रयोगशाळेंतील विरजणाइतकें मोजून-मापून केलेलें नसतें; तरी गोळीपासून दोन-तीन तास दूर ठेवून ताक-भात खाण्यांत, ज्यास दूध सोसतें त्यास, हरकत नाहीं. कर्करोगावरील औषधांनीं येणाऱ्या मळमळीस थोडी सुंठ उपयोगी पडते, असें २०१२ सालच्या एका मोठ्या अभ्यासांत दिसलें. तींत मळमळीवरचें नेहमींचें औषध बंद केलेलें नव्हतें, ही गोष्ट विसरूं नये. मिहानपासून जवळच जामठा येथें कर्करोगाचें मोठें रुग्णालय आहे. तेथें उपचारास येणाऱ्या आप्ताच्या डब्यांत आल्याचा तुकडा ठेवण्यापूर्वीं, रक्त पातळ करणारें औषध चालू आहे काय, हें डॉक्टरांस विचारावें.

या साऱ्या इतिहासाचा घरगुती उपयोग आम्हांस असा दिसतो. औषध सुरू झालें कीं, तें केव्हां घेतलें, त्यापूर्वीं व नंतर काय खाल्लें, आणि त्रास केव्हां झाला, हें एका वहींत लिहून ठेवावें. डॉक्टरांकडे जातांना काढे, चूर्णें व वैद्यांच्या मात्रा यांसह सारें उघड सांगावें. ओशाळून लपवूं नये, आणि डॉक्टरांनींही तें ऐकून रागावूं नये. त्रास झाला म्हणून दीर्घकाळचें औषध आपल्या मतानें बंद करूं नये, आधीं विचारावें. मात्र डोळे पिवळे होणें, लघवी चहासारखी काळपट होणें, अंगभर पुरळ व तोंडांत फोड येणें, श्वास कोंडणें, चेहरा सुजणें किंवा शौचांतून रक्त जाणें, यांपैकीं कांहीं झालें तर पेज, ताक व सुंठ बाजूस ठेवून त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. क्षयाच्या रोग्यानें डोळे पिवळे दिसतांच पुढची गोळी न घेतां डॉक्टरांस दाखवावें. औषधांच्या उपद्रवांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय योजना आपल्या देशांत २०१० पासून चालू आहे, आणि तींत डॉक्टरांप्रमाणेंच रोग्यासही आपली तक्रार कळवितां येते. सुश्रुतानें पंधरा व्यापदा मोजल्या, त्या रोग्यांनीं सांगितल्या व वैद्यांनीं ऐकल्या म्हणूनच. आजच्या गोळ्यांच्या व्यापदा मोजावयाच्या तर घरांतील माणसांनीं बोललें पाहिजे. यादी पाठ करून गप्प बसण्यानें तें काम होणार नाहीं.